निरोगी उंदराचं चित्र

३ फेब्रुवारी

मॅडमनी सकाळीच बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पदाने मोठ्या, त्यामुळे त्या बसल्या होत्या आणि मी उभी होते. या वर्षी विभागात नवी टूम निघाली आहे. पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या संशोधनातलं एकच चित्र निवडायचं. ते मोठं छापून व्हरांड्यात लावायचं आणि खाली शंभर शब्दांत लिहायचं, तेही असं की रस्त्यावरच्या माणसाला कळावं. बाहेरचे पाहुणे येणार, शाळेची मुलं येणार, परीक्षक बसणार, बक्षीस मिळणार. मॅडम म्हणाल्या की सगळी व्यवस्था मी बघावी, कारण मला सगळे घाबरतात. हे कौतुक होतं की काय कळलं नाही, पण खोटं नव्हतं.

मी एकच नियम घातला. ज्या स्लाइडवरून चित्र काढलं ती मूळ स्लाइड मला दाखवायची. मी ती सूक्ष्मदर्शकाखाली बघेन, माझ्या रजिस्टरशी ताडेन, मगच चित्र भिंतीवर लागेल. हल्ली मुलं कुठून काय उचलून आणतील सांगता येत नाही.

जूनअखेर मी निवृत्त होते. दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज दिला आहे, त्यावर अजून कोणी काही बोललेलं नाही. शेवटचं काम चोख व्हावं आणि त्याची नोंद राहावी म्हणून ही वही.

७ फेब्रुवारी

माझं काम चार ओळींत सांगता येतं. अवयवाचा तुकडा मेणात बसवून ठोकळा करायचा, त्याला ब्लॉक म्हणतात. यंत्रावर ब्लेड लावून त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेच्या स्लाइडवर उचलायचे, रंगवायचे. चौतीस वर्षं हेच केलं. इथून डॉक्टर होऊन गेलेल्या प्रत्येकाच्या प्रबंधात माझे काप आहेत, आणि आभाराच्या पानावर मी 'इतर कर्मचारी' या दोन शब्दांत आहे.

सगळ्यांना स्लाइड तयार हवी असते. स्वतः यंत्रावर बसून काप काढायला शिकली ती एकटी मौनी. हे नाव मुलांनी ठेवलेलं. दिवसाला दहा वाक्यंही बोलत नाही. पहिल्या वर्षी तिने माझी तीन ब्लेडं खराब केली आणि माझी बरीच बोलणी खाल्ली, पण हात बसला. लेकीच्या बाळंतपणासाठी मी तीन आठवडे रजेवर गेले तेव्हा यंत्राची किल्ली तिच्याकडेच दिली होती. रजिस्टरमधली तेवढीच पानं तिच्या अक्षरात आहेत, बाकी चौतीस वर्षं माझ्या.

घरी सांगितलं की चित्रांचं प्रदर्शन माझ्याकडे आलं. हे पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "बरं झालं. उंदरांनाही कोणीतरी भिंतीवर लावायलाच हवं होतं. माणसांचं काय, लागतातच."

१३ फेब्रुवारी

आज मजकूर जमा करायचा शेवटचा दिवस. एकाला सरळ मराठी लिहिता येईल तर शपथ. ज्याला सगळे पोपट म्हणतात त्याने मेंदूच्या पेशींच्या चित्राखाली लिहिलं होतं, 'हे आहे विचारांचं महानगर, इथे दिवे कधी विझत नाहीत.' मी विचारलं, ही पेशी जिवंत आहे की मेलेली. म्हणाला, मेलेली. मग दिवे कसले, म्हटलं. तो म्हणाला, बाई, तुम्ही परीक्षक असतात तर आम्ही सगळे एकगठ्ठा नापास. मजकूर परत दिला. त्याने दिवे काढून 'वाटा' घातलं आणि पुन्हा आणला.

मौनीचं चित्र बघून मात्र हात टेकले. तिचे मार्गदर्शक आमचे मोठे सर. यकृत खराब झालेल्या उंदरांना एका वनस्पतीचा अर्क दिला की यकृत पूर्ववत होतं, हे त्यांचं गाजलेलं काम. त्याचं भलंमोठं पोस्टर त्यांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात वर्षभर लागलेलं आहे. त्यावर अर्क दिलेल्या उंदराचं यकृत, गुलाबी, नितळ, बघत राहावं असं. आता याच कामावर त्यांना मोठ्या संस्थेचं बोलावणं येणार असं ऐकते. अशा माणसाच्या हाताखाली चार वर्षं काढून या मुलीने आणलं काय, तर ज्याला काहीच झालेलं नाही अशा उंदराचं यकृत. खाली शंभर शब्दांची मुभा असताना चार वाक्यं लिहिलेली:

'हा उंदीर कधीच आजारी नव्हता. त्याला कोणतंही औषध दिलेलं नाही. तो बरा झालेला नाही, तो बराच होता. कृपया नीट बघा.'

मी म्हटलं, अगं, हे काय संशोधन झालं? लोक हसतील. अर्काबद्दल लिही, सरांच्या कामाबद्दल लिही. ती म्हणाली, "बाई, मला हेच दाखवायचंय. स्लाइड तुम्ही स्वतः बघणार ना?" मी म्हटलं, मी प्रत्येक स्लाइड स्वतःच बघते. मग तिने आणखी एक मागितलं: तिचं चित्र सरांच्या पोस्टरच्या बरोबर समोर लावता येईल का. गाइडची मर्जी सांभाळायची ही एक तऱ्हा. तिचा प्रबंध सरांच्या टेबलावर आठ महिने सहीवाचून पडून आहे, तेव्हा आता ही धडपड. जागा रिकामी होती, म्हणून दिली.

१९ फेब्रुवारी

सात जणांच्या स्लाइडी तपासल्या. सहा ठीक. सातवी मौनीची.

स्लाइडवर काच कोरायच्या हिरकणीने कोरलेला क्रमांक २१२. रजिस्टरमध्ये २१२ समोर लिहिलं आहे: निरोगी गट, काही दिलेलं नाही. पण हे पान माझ्या रजेतलं, तिच्या अक्षरातलं. भिंग लावलं आणि लगेच वाटलं, हे मी रोज बघते. मधोमध एक शीर, तिच्या कडेला कापाला पडलेली बारीकशी घडी, कावळ्याच्या पायासारखी. अशी घडी दोन ब्लॉकमध्ये सारखी पडत नाही, माणसाच्या अंगठ्यासारखी असते. स्लाइड तशीच ठेवून व्हरांड्यात गेले. सरांच्या पोस्टरवर तीच शीर, तीच घडी. फक्त घडी डावीकडे आहे, स्लाइडवर उजवीकडे. आरशात बघावं तसं. पोस्टरसाठी फोटो काढताना कोणीतरी स्लाइड पालथी ठेवली असणार. मुलं ठेवतात.

पण सरांच्या पोस्टरवर हे अर्क दिलेल्या उंदराचं यकृत आहे, आणि या मुलीने त्याच्यावर निरोगी उंदराचा क्रमांक कोरून स्वतःचं म्हणून आणलं आहे. म्हणजे सरांची स्लाइड उचलली, माझ्या रजेत रजिस्टरमध्ये हवं ते लिहिलं, आणि आता त्यांच्याच समोर ते टांगायला निघाली. माझ्या किल्लीने. तीन ब्लेडं खराब केली तेव्हाच हिला उठवायला हवं होतं.

२० फेब्रुवारी

सरांकडे गेले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. चौतीस वर्षांत या विभागात मला कोणी खुर्ची दिल्याचं आठवत नाही.

मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. एकदाच विचारलं, आणखी कोणी पाहिलंय का. मी म्हटलं, नाही, मी अशा गोष्टी गावभर करत नाही. ते म्हणाले, म्हणूनच तुमच्यावर विश्वास आहे. मग म्हणाले, मुलीचं आयुष्य आहे, गाजावाजा नको, पण नियम तो नियम. हे अगदी माझ्या मनातलं. स्लाइड, ब्लॉक आणि रजिस्टर त्यांच्याकडे सुरक्षित राहील, असं त्यांनी सुचवलं. मी तिन्ही आणून दिलं. लेखी निवेदनही हवं होतं. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. त्यांनी 'संबंधित विद्यार्थिनीने फेरफार केली' असं सांगितलं होतं, मी 'केला' असं दुरुस्त केलं. ते हसले. निघताना म्हणाले, "तुमच्या मुदतवाढीची फाइल माझ्याकडे आलीये. असा डोळा विभागाला सोडता येणार नाही." अर्जाची आठवण त्यांनी स्वतःहून काढली. मोठ्या माणसाच्या लक्षात लहान माणसाचं काम राहतं.

घरी ह्यांना सांगितलं. "खुर्ची दिली?" हे म्हणाले. "चौतीस वर्षांनी? मग कुठे काही मोडलंय का बघ." यांना प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचते.

२४ फेब्रुवारी

मॅडम, सर आणि बाहेरच्या विभागाचे एक प्राध्यापक, अशी समिती बसली. मला दाराजवळ बसवलं होतं. मौनीला बोलावलं. माझं निवेदन वाचून दाखवलं तेव्हा तिने सरांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. राग असता तर मला कळलं असतं. तसं नव्हतं. शिकवलेलं गणित चुकल्यावर मूल बघतं तसं.

तिने एवढंच मागितलं की स्लाइड आत्ता सगळ्यांसमोर भिंगाखाली ठेवावी. सर म्हणाले, दुर्दैवाने काल टेबल आवरताना ती फुटली. मला शिपायाचा असा राग आला की काय सांगू. काचेचं सामान कसं धरावं हे मी त्याला किती वेळा सांगितलं आहे. ब्लॉकही उन्हाच्या खिडकीत राहून मऊ पडला म्हणे.

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, घडी कुठल्या बाजूला होती?"

मी म्हटलं, "मी नीट पाहिलंय. जे पाहिलं ते लिहून दिलंय."

ती उठली. नोंदणी रद्द करायचा ठराव झाला. बाहेरच्या प्राध्यापकांना दुसरी बैठक होती, त्यामुळे सगळं पंचवीस मिनिटांत आटोपलं. काम असं आटोपशीर झालेलं मला आवडतं. आज मात्र चहा अर्धाच टाकून उठले. ऊन फार आहे.

१ मार्च, रविवार

लेकीचा फोन. ती दर रविवारी पाच मिनिटं बोलते, आज मी बोलत होते म्हणून दहा झाली. सगळा प्रकार सांगितला. ती म्हणाली, "तू त्या मुलीला आधी काही विचारलंस?" मी म्हटलं, चोराला काय विचारायचं, पुरावा समोर होता. ती म्हणाली, हो, तुझ्यासमोर पुरावा नेहमीच असतो.

तिचा रोख कळला. पाचवीत असताना शेजारच्या मुलीचं बघून लिहिल्याची तिच्याबद्दल तक्रार आली होती. मी तिच्या बाईंसमोर तिचा एक शब्द ऐकून घेतला नाही आणि तिला वर्गापुढे उभं करून माफी मागायला लावली. महिन्याभराने त्या दुसऱ्या मुलीने सांगितलं की आपणच बघून लिहिलं होतं. पण तोवर माफी मागून झाली होती, आणि मागितलेल्या माफीने कोणाचं वाईट होत नाही. लेकीने पुन्हा कधी माझ्यापुढे तोंड उघडून उलट उत्तर दिलं नाही. पुढे नातवाच्या दाताचं बोललो.

५ मार्च

प्रदर्शन झालं. पोपटाला पहिलं बक्षीस. शाळेच्या मुलांना त्याच्या 'वाटा' आवडल्या. सर भाषणात म्हणाले की संशोधनात सचोटी टिकून आहे ती बाईंसारख्या डोळ्यांमुळे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुदतवाढीचं पत्र त्याच दिवशी हातात मिळालं. दोन वर्षं.

सरांच्या पोस्टरसमोरची जागा रिकामी ठेवणं बरं दिसेना, म्हणून तिथे पाण्याचं पिंप ठेवलं.

पोपट बक्षीस घेऊन माझ्याकडे आला होता. नेहमीसारखा बोलला नाही. म्हणाला, बाई, ती एकटीच आमच्यात स्वतःच्या हाताने काप काढायची. तिला कुणाचं उचलायची काय गरज? मी म्हटलं, गरज आणि हाव यात फरक असतो. तो 'हो बाई' म्हणाला आणि गेला. त्याचं 'हो बाई' मला ओळखता येतं.

११ मार्च

नव्या तुकडीचा पहिला दिवस. दर वर्षी मी पहिल्या दिवशी तेच शिकवते. स्लाइड पालथी ठेवलीत तर मोठ्या भिंगाखाली काहीच दिसणार नाही. काप असतो वरच्या बाजूला. पालथी केली की मध्ये काचेची जाडी येते, भिंग तिथवर पोहोचत नाही, नुसता धूर दिसतो. आज एका मुलीने तसंच केलं आणि म्हणाली, बाई, दिसत नाही. मी म्हटलं, दिसणारच नाही, पालथ्या स्लाइडचा फोटो कुणाच्या बापाला

इथे मी थांबले. वर्ग माझ्याकडे बघत होता.

पोस्टरवरचं चित्र मोठ्या भिंगाचं आहे. घडीची प्रत्येक सुरकुती दिसते. ते पालथ्या स्लाइडवरून निघूच शकत नाही.

म्हणजे फोटो सुलट स्लाइडचाच होता, आणि तो नंतर कोणीतरी उलटवला, संगणकावर. आपल्याच हक्काचं चित्र कोण कशाला उलटवेल? ओळखू येऊ नये म्हणूनच उलटवतात.

हे मी दर वर्षी शिकवते. चौतीस वेळा शिकवलं आहे. १९ फेब्रुवारीला मी या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मुलं ठेवतात.'

१२ मार्च

ग्रंथालयात जाऊन सरांचा मूळ लेख काढला. आजवर कधी वाचला नव्हता. पोस्टर होतं ना समोर. लेखात तीन चित्रं एका ओळीत. पहिलं निरोगी उंदराचं, दुसरं यकृत खराब झालेल्याचं, तिसरं अर्क दिलेल्याचं. पहिल्यात शिरेच्या उजवीकडे कावळ्याचा पाय. तिसऱ्यात तीच शीर, डावीकडे तोच पाय. निरोगी उंदराचंच चित्र उलटवून 'बरा झालेला' म्हणून छापलं आहे. अर्काने बरा झालेला उंदीर नाहीच. म्हणून ती लिहिते, तो बरा झालेला नाही, तो बराच होता.

पहिल्या चित्राखाली क्रमांक आहे. २१२.

दुपारी मॅडमकडे गेले, नवं निवेदन लिहूनच गेले. त्यांनी दार लावून घेतलं, वाचलं, दोन्ही चित्रं बघितली. त्यांना एका नजरेत कळलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्या माझ्याशी फार सौजन्याने बोलल्या. स्लाइड नाही, ब्लॉक नाही. रजिस्टर सरांच्या खोलीत कुठे गेलं ते सापडत नाही. लेखातल्या चित्राचं मासिक बघून घेईल. आणि मुलीबद्दल म्हणाल तर ठराव झाला आहे तुमच्या निवेदनावर. "बाई, आता सांगा, तुमचं पहिलं निवेदन खरं धरू की दुसरं? दोन्हींवर सही तुमचीच आहे. आणि मधल्या काळात तुम्हाला मुदतवाढ मिळाली आहे, लोक तेही विचारतील." दोन दिवस विचार करा, म्हणाल्या.

मी उभीच होते. या वेळी त्यांनी बसा म्हटलं होतं, तरी.

१६ मार्च

विचार केला नाही. निवेदनाची एक प्रत मॅडमच्या कार्यालयात शिक्का मारून घेतली, एक विद्यापीठाला पाठवली, एक त्या मासिकाला. मासिकाचं पत्र पोपटाने संगणकावर लिहून दिलं. मी सांगत होते, तो टाइप करत होता. मधेच त्याचे हात थांबले. म्हणाला, बाई, आमच्यातल्या दोघा-तिघांना शंका होती. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. तो म्हणाला, "बोलायचं कुणाला? सर गाइड, मॅडमना सरांच्या प्रकल्पातून यंत्रं मिळतात. उरलात तुम्ही." मी म्हटलं, मग माझ्याकडे यायचं. तो म्हणाला, "ती आली होती की."

संध्याकाळी मौनीच्या मावशीचं घर शोधत गेले. वसतिगृह सोडायला लावल्यापासून ती तिथेच आहे. मावशीने दार उघडलं आणि मी कोण ते कळल्यावर आत बोलावू की नको अशी उभी राहिली. मौनी आतून म्हणाली, येऊ दे गं, बाई आहेत.

खोलीत जेमतेम दोन माणसांची जागा. ती शाळेच्या मुलांच्या वह्या तपासत होती. एका शिकवणीत काम धरलं आहे. आज ती दहा वाक्यांहून जास्त बोलली. दोन वर्षांपूर्वी लेख छापून आला तेव्हाच तिला चित्र ओळखू आलं होतं. ती सरांकडे गेली. सर म्हणाले, गडबडीत झालं, दुरुस्त करू. त्या दिवसापासून सर बदलले, आणि पुढे प्रबंध लिहून दिला त्यावर सही झालीच नाही. लेखी तक्रार केली असती तर सगळे म्हणाले असते, प्रबंध अडकला म्हणून सूड. मग प्रदर्शनाची सूचना लागली, आणि खाली माझा नियम: मूळ स्लाइड बघितल्याशिवाय चित्र लागणार नाही.

"मला वाटलं, मी काही बोलायलाच नको," ती म्हणाली. "फक्त दाखवायचं. समोरासमोर दोन चित्रं आणि मध्ये तुम्ही. काप तुम्हाला कळतात, बाकी कुणाला कळले नसते."

कळले होते, मी म्हटलं. घडी डावीकडे आहे हे मी त्याच दिवशी बघितलं होतं.

मग तिने लाल पेन उचललं आणि पुढची वही घेतली. मी निघाले. माफीचा शब्द येताना जिभेवर होता, तो तसाच परत आणला. मागितलेल्या माफीने कोणाचं वाईट होत नाही, असं मीच कुठेतरी लिहिलं आहे. चांगलं तरी काय होतं, ते लिहिलेलं नाही.

१० एप्रिल

चौकशी समिती बसली. तीन जण. त्यातले एक सरांचे जुने सहकारी. मला दीड तास विचारलं. त्यातला अर्धा वेळ माझ्या डोळ्यांच्या चष्म्याचा नंबर, माझं वय आणि मी पदव्युत्तर शिक्षण घेतलं आहे का यावर गेला. बी.एस्सी., म्हटलं. एकाने लिहून घेतलं.

सर व्हरांड्यात भेटले. नेहमीसारखं हसून म्हणाले, बाई, तब्येत सांभाळा.

मुदतवाढीचं पत्र कपाटात आहे. परत करायचं ठरवलं आहे. ठरवून पंचवीस दिवस झाले. ह्यांनी एकदाच विचारलं. मी म्हटलं, योग्य वेळी करीन. हे म्हणाले, हो, सचोटीला मुहूर्त लागतोच.

लेकीला आज मीच फोन केला. पाचवीतल्या त्या गोष्टीबद्दल विचारायचं होतं. वाक्य जुळवून ठेवलं होतं. तिने उचलल्यावर विचारलं, सगळं ठीक ना, रविवार नसताना फोन? मी म्हटलं, ठीक. बाळ जेवलं का.

४ मे

पत्र आलं. 'प्रशासकीय कारणास्तव' माझी मुदतवाढ रद्द. मी परत करायच्या आत त्यांनीच काढून घेतली. तेवढीही गोष्ट माझ्या हातून राहिली.

२३ जून

मासिकाचं उत्तर आलं. चौकशी समितीचा अहवालही त्याच आठवड्यात. मासिकाने दुरुस्ती छापली आहे, पानाच्या तळाशी, तीन ओळींची. 'चित्र क्रमांक तीनमध्ये अनवधानाने दुसऱ्या गटाची प्रतिमा वापरली गेली. योग्य प्रतिमा आता देण्यात आली आहे. लेखाच्या निष्कर्षांवर याचा परिणाम होत नाही.' नवी प्रतिमा कुठून आली, तिच्या स्लाइडचा क्रमांक काय, कोणी विचारलेलं नाही. त्या काळातलं रजिस्टर असतं तर मी सांगू शकले असते.

समिती म्हणते: लेखातली चूक प्रामाणिक होती व सुधारण्यात आली आहे. विद्यार्थिनीच्या नोंदणीचा विषय वेगळा असून तो तंत्रज्ञ कर्मचाऱ्याच्या निवेदनावर निकाली निघालेला आहे. सदर कर्मचाऱ्याचं नंतरचं निवेदन पहिल्याशी विसंगत असल्याने ग्राह्य धरता येत नाही.

सर पुढच्या महिन्यात मोठ्या संस्थेत जात आहेत. मॅडमनी निरोप समारंभ दोघांचा एकत्रच ठेवायचं सुचवलं, खर्च वाचेल म्हणून. मी म्हटलं, माझा नको.

३० जून

शेवटचा दिवस. यंत्र पुसलं, ब्लेड काढून डबीत ठेवलं, किल्ली मॅडमच्या टेबलावर. सही करून बाहेर पडले तेव्हा साडेपाच वाजले होते. घरी न जाता मौनीच्या शिकवणीच्या दारात उभी राहिले.

मुलं सुटल्यावर ती बाहेर आली. मी दुरुस्तीचं पान आणि समितीचा अहवाल, दोन्हींच्या प्रती तिच्या हातात दिल्या. तिने पायऱ्यांवर बसून वाचलं. मीही एक पायरी खाली बसले. तिने दोनदा वाचलं, मुलांचा निबंध वाचावा तसं, ओळीवर बोट ठेवून. मी सांगितलं की वकील बघते, उच्च समितीकडे जाता येतं, मला आता वेळच वेळ आहे.

तिने कागद नीट घडी करून मला परत दिले.

"म्हणजे बाई, एकच चित्र," ती म्हणाली, "सरांनी लावलं ती चूक, आणि मी लावलं ती चोरी."

मी कागद पिशवीत ठेवले. पहिल्या शब्दाचा पुरावा कोणाकडेच नव्हता, दुसऱ्याचा होता. त्यावर माझी सही आहे.

तिची पुढची तुकडी आत यायला लागली होती. तिने मला उठायला हात दिला, आणि आत गेली.